चतुराबाईंचं लुगडं

“आता किती दाखवायलंय?” मागच्या सीटवरून काकासाहेबांनी विचारलं.

“एकोणीस टक्के.”

“अन् मघाशी चौतीस होतं.”

“मघाशी आपण गेवराईत होतो, साहेब.”

एवढं सांगून गाडी चालवणाऱ्या मुख्तारभाईंनी पुन्हा बॅटरीच्या पडद्याकडे पाहिलं. निघताना पडद्यावर ऐंशी टक्के होते, आणि ऐंशी टक्के म्हणजे दोनशे दहा किलोमीटर असं तोच पडदा छातीठोकपणे सांगत होता. सव्वाशे किलोमीटर झाले आणि आता तो बेचाळीस उरले म्हणत होता. दोनशे दहातून सव्वाशे गेले तर किती उरतात हे चौथीच्या पोराला कळतं, पण ह्या गाडीचं गणित निराळं होतं. तिचा सगळा हिशोब शहरात पन्नासच्या वेगाने फिरण्याचा. हमरस्त्यावर नव्वदने पळवली की ती चार्ज पाण्यासारखा पिते, हे मुख्तारभाईंना आज पहिल्यांदा कळत होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला नवं कळतं तेव्हा त्याला आनंद व्हावा अशी अपेक्षा असते. मुख्तारभाईंना घाम फुटला होता.

काकासाहेबांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून बाहेर पडल्यापासून त्यांनी ती खाली ठेवली नव्हती. पिशवीत हिरवं इरकली लुगडं आणि चोळीचा खण. त्यांची थोरली बहीण चतुराबाई आज पहाटे पाचला बोरखेडमध्ये गेली होती. बोरखेड केज आणि अंबाजोगाईच्या मधे, हमरस्त्यावरून सहा किलोमीटर आत. नवरा जिवंत असताना गेली, म्हणजे अहेव गेली. आणि त्या भागात अहेव बाईच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असावं लागतं. भाऊ ते घेऊन येईपर्यंत तिरडी बांधत नाहीत. पण दिवस मावळल्यावर अग्नी देत नाहीत, हीसुद्धा तिथलीच रीत. डिसेंबरातला दिवस सहाला मावळतो. पहाटे भाच्याचा, गोकुळचा, फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, “मामा, येणार असाल तर वाट बघतो. दिवस मावळायच्या आत या.”

त्यातलं ‘असाल तर’ काकासाहेबांना लागलं होतं. अकरा वर्षं त्यांनी बोरखेडची वेस ओलांडली नव्हती, त्यामुळे लागून घ्यायचा हक्कही फारसा उरला नव्हता.

बायको मुलाकडे पुण्याला, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा एकोणसत्तर वर्षांचा माणूस गारखेड्यातल्या घरात एकटाच होता. दुकान उघडायला दहा वाजले. गाडीसाठी त्यांनी नेहमीप्रमाणे मुख्तारभाईंनाच फोन केला, आणि नेमक्या त्याच दिवशी मालकाच्या चारही डिझेल गाड्या जालन्याला लग्नाच्या वऱ्हाडात गेलेल्या. उरली होती ती ही बॅटरीवरची, पहाटे विमानतळाची फेरी करून आलेली. मालक म्हणजे जुनेद, मुख्तारभाईंच्या मित्राचा मुलगा. तो सरळ म्हणाला होता, “चाचा, ये शहर की गाडी है. वेरूळ, दौलताबाद, बस. अंबाजोगाई नक्को ले जाओ.”

“मयत का काम है. ले जाता मैं,” मुख्तारभाई म्हणाले होते.

त्यांना नाही म्हणता आलं नसतं. पंचवीस वर्षांपूर्वी ते पर्यटकांना घेऊन अजिंठ्याला गेले असताना इकडे त्यांची आई गेली. तेव्हा खिशात फोन नव्हता. ते परतले तेव्हा माणसं कब्रस्तानाच्या नळावर हात धूत होती आणि मातीवर शिंपडलेलं पाणी अजून सुकलं नव्हतं. त्यांना कुणीही बोल लावला नाही. कुणी लावला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना आजही वाटे. म्हणून सकाळी काकासाहेब फोनवर “माती हाय” म्हणाले तेव्हा त्यांनी टक्क्यांचा विचारच केला नाही. शिवाय अठ्ठावीस वर्षांची डिझेलची सवय. टाकी अर्धी असली तरी निघायचं, वाटेत भरू, पंप काही पळून जात नाही.

बीडच्या अलीकडे एका बंद धाब्याच्या आवारात चार्जिंगचा खांब होता. त्याच्या दोन नळ्यांपैकी एकीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, म्हणजे ती मेलेली. दुसरी मोकळी होती. मुख्तारभाईंनी मनातल्या मनात शुक्र मानून ती गाडीला लावली आणि वाट पाहिली. काहीच झालं नाही.

डिझेलच्या पंपावर माणूस असतो. त्याला “भर” म्हटलं की तो भरतो, वर काच पुसून देतो. इथे माणूस नव्हता. इथे आधी फोनमधलं अॅप उघडायचं, मग अॅपने खांबाला सांगायचं, आणि मग खांबाची मर्जी. मुख्तारभाईंचा जुना फोन गेल्या आठवड्यात घरच्या हौदात पडला होता. नव्या फोनवर अॅप नव्याने उघडायला ओटीपी लागत होता, आणि तो जात होता जुनेदच्या नंबरवर. त्यांनी स्वतःच्या नावाने खातं उघडून पाहिलं, तर ही गाडी आधीच दुसऱ्याच्या खात्यावर आहे, असं अॅपने सुनावलं. काकासाहेबांचा फोन बटणांचा. मुख्तारभाईंनी जुनेदला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

“मालक भरदिवसा फोन बंद कशापायी ठेवंल?” काकासाहेबांनी विचारलं.

मुख्तारभाईंनी मनगटावर पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं. 

“आज जुमा हाय, साहेब,” ते हळूच म्हणाले. “शुक्रवार. तो नमाजला गेला असंल.”

ज्या माणसाचा आठवडा शुक्रवारपासून मोजला जातो, त्या माणसाला आज शुक्रवार असल्याचा विसर पडला होता. स्वतःची नमाज तर हुकलीच, आणि वर हे. त्यातही गंमत अशी की फोन घरूनच बंद करून निघायची शिस्त जुनेदला लावली होती खुद्द मुख्तारभाईंनी. पोरगा विशीत असताना मशिदीत त्याचा फोन सिनेमाच्या गाण्यावर वाजला होता आणि मुख्तारभाईंनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. शहाण्या पोरानं ते ऐकलं. सांगितलेलं पोरं ऐकत नाहीत म्हणतात, आणि ऐकतात तेही नेमकं अशा वेळी ऐकतात.

“किती वेळ लागंल?”

“आधी खुतब्याचं प्रवचन, मग नमाज, मग चार लोक भेटतेत. दोन वाजतील. सव्वादोनबी वाजतील.”

 काकासाहेबांनी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मुख्तारभाईंना वाटलं, हे ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

त्यांनी बीडमधल्या ओळखीच्या दोन ड्रायव्हरांना फोन लावले. लग्नसराई होती, एक परभणीकडे होता, दुसरा चारनंतर येतो म्हणाला. एस.टी. धरावी तर ती हमरस्त्यावर सोडणार, आत बोरखेडला दुपारची गाडी नाही. आवारात चहाची टपरी होती. ती चालवणाऱ्या सरूबाईने न मागता दोन कप आणून दिले.

“कुठं जायचंय?” तिने विचारलं.

“बोरखेडला. बहीण वारली माझी,” काकासाहेब म्हणाले.

सरूबाईने पिशवीकडे पाहिलं. आतला हिरवा काठ तेवढा दिसत होता. तिला पुढचं विचारावं लागलं नाही.

“ह्या गाड्यावाले इथं लई ताटकळतेत,” ती म्हणाली. “मागल्या म्हैन्यात एक नवरा-बायको भांडू भांडू दमले, मग खांबाखालीच झोपले. तुम्ही चा घ्या. गार व्हायलाय.”

दोन वाजून बारा मिनिटांनी फोन वाजला.

“चाचा, नमाज में था मैं. इत्ते मिसकॉल के मेसेज? गाडी ठोकी क्या?”

“नई रे. ओटीपी बोल, जल्दी.”

“हौ, हौ. लिखो. चार, सात, सात...”

खांबातला पंखा घोंघावायला लागला आणि मुख्तारभाईंनी पहिल्यांदा गाडीच्या टपाला टेकून श्वास सोडला. टक्के मिनिटाला एक ह्या चालीने चढत होते. वीस. तेवीस. सत्तावीस. काकासाहेब पडद्यापाशी येऊन असे उभे राहिले होते, जसे काही ते बघत राहिले तर टक्के लवकर चढतील. त्यांचं ठरलं होतं, साठ झाले की निघायचं. तीनच्या आत तेवढे झाले असते. अडतिसावर पंखा थांबला. सरूबाईच्या टपरीतला बल्ब त्याच क्षणी गेला.

“गेली,” ती म्हणाली. “वायरमन म्हणला व्हता, आज दुपारून काम हाय म्हणून. आता चारशिवाय नाय येत.”

मुख्तारभाई काकासाहेबांकडे वळले. सांगायचं ते त्यांनी सरळ सांगितलं, कारण गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“साहेब, नव्वद किलोमीटर राह्यलेत. चार्ज जोरात गेलं तर सत्तरलाच संपतो. पन्नासच्या खाली गेलं तर पोचतो, पण घाटात काय खाईल ते मला ठावं नाय. चारपर्यंत थांबून भरलं तर गाडी नक्की पोचंल. मातीला पोचू का नाय, सांगता येत नाय.”

“तुम्ही काय करताल?”

“मी निघतो.”

“मग निघा,” काकासाहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

जोरात गेलं तर चार्ज संपतो आणि हळू गेलं तर दिवस. मुख्तारभाईंनी काटा पंचेचाळीसवर धरला आणि पाय असा ठेवला, जणू खाली अंडं आहे. एसी बंद, काचा बंद, गाणी बंद. उसाने लादलेले ट्रक त्यांना मागे टाकून जात होते, आणि एका ट्रकवाल्याने तर वळून पाहिलं. ज्या माणसाने शहागंजच्या गर्दीतून काळी-पिवळी जीप हॉर्न न वाजवता काढून दाखवली होती, त्याला आज उसाचा ट्रक ओव्हरटेक करत होता. पण त्यापेक्षाही त्यांना खुपत होतं ते गाडीचं गप्प असणं. डिझेल गाडी बोलते. दमली की खोकते, तापली की वास सोडते, मरायच्या आधी चार वेळा सांगते. ही काही बोलत नव्हती. नुसते आकडे कमी करत होती.

मांजरसुंब्याच्या घाटात दोन ट्रक शेजारी शेजारी चढत होते आणि त्यांच्या मागे रांग लागली होती. घाटाच्या पायथ्याला तीस टक्के होते, माथ्यावर चोवीस. साडेतीन वाजून गेले होते.

“मुख्तारभाई,” काकासाहेब एकदम बोलू लागले, “गोकुळच्या लग्नात मामाच्या जागी दुसराच माणूस उभा केला होता त्यांनी. ऐकलं असंल तुम्ही.”

मुख्तारभाईंनी ऐकलं होतं. गारखेड्यातल्या अर्ध्या गल्लीने ऐकलं होतं. नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा राहतो, सख्खा मामा जिवंत असताना चतुराबाईच्या सासरच्यांनी कुणा चुलत्याला उभं केलं, आणि काकासाहेब जेवणाच्या ताटावर न बसता परत आले. तेव्हापासून भाऊबीज नाही, राखी नाही, जाणं-येणं नाही. गोष्ट सांगताना दरवेळी काकासाहेबांचा आवाज चढायचा. आज चढला नव्हता.

“तुम्हाला एक सांगू का. मीच उशिरा गेलो होतो.”

मुख्तारभाईंनी आरशात पाहिलं.

“सफारी शिवायला टाकली होती शहागंजात. मामा म्हणून उभं राह्याचं, म्हणून नवी सफारी. टेलरनं सकाळी देतो म्हणून दुपार केली. मी तिथं दुकानात बसून राह्यलो, पण जुन्या कपड्यात नाय गेलो. मुहूर्त टळून वीस मिनिटं झाली होती. वीस मिनिटं थांबले ते लोक. चतुराबाई फाट्यापर्यंत चालत आली होती मला बघायला, पायात चप्पलबी नव्हती म्हणे. मी पोचलो तर अक्षता पडायल्या होत्या.” ते थांबले. “हे मी घरीबी कधी सांगितलं नाय. त्यांनी माझा मान ठेवला नाय, असंच सांगत आलो. सांगून सांगून मलाबी खरं वाटाया लागलं होतं.”

 मुख्तारभाईंना काकासाहेबांची कीव आली आणि थोडा रागही आला. एका सफारीपायी अकरा वर्षं. पण शहाणपण सांगायची ही वेळ नव्हती, आणि आपल्या आईची माती चुकवलेल्या माणसाने कुणाला सांगावं? ते एवढंच म्हणाले, “पाणी प्या, साहेब. बाटली दाराच्या कप्प्यात हाय.”

नेकनूरच्या पुढे काकासाहेबांचा फोन वाजला. बटणांच्या फोनचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं.

“मामा, कुठं आलात?” गोकुळ विचारत होता.

“नेकनूर सोडलं बघ.”

“अजून नेकनूर?” पलीकडे माणसांचा गलका होता. “मामा, भाऊकी बसलीय सगळी. पाचला उचलू म्हणतेत. मसणवाटा वढ्याच्या पल्याड हाय, अंधार पडायच्या आत परत यावं लागतंय. मी थांबा म्हणायलो, पण माझं कोण ऐकंना. काही जण म्हणतेत, त्येंची काय वाट बघायची, लग्नातबी असंच केलतं.”

फोन बंद झाला. काकासाहेबांनी तो खिशात ठेवायचा प्रयत्न केला, पण खिसा सापडेना.

पंचावन्न किलोमीटर उरले होते आणि पाचला एकच तास. ह्या चालीने सव्वापाच होणार होते. कुणी सांगायची वाट न बघता मुख्तारभाईंनी पाय दाबला. पन्नास, साठ, सत्तर. गाडी आनंदाने उधळली आणि पडद्यावरचे आकडे गळायला लागले.

“पुरंल का?” काकासाहेबांनी विचारलं.

“पुरवू,” मुख्तारभाई म्हणाले. पुरणार नाही हे त्यांना दिसत होतं. पण पाच वाजता रिकाम्या अंगणात भरल्या बॅटरीने पोचण्यात काही अर्थ नव्हता. जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ जायचं आणि उरलेलं माणसांवर सोपवायचं, असा विचार त्यांनी केला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कधी प्रवासी रस्त्यात सोडला नव्हता. ती गोष्ट आज जाणार होती, आणि तिचा विचार करायला त्यांना फुरसत नव्हती.

केजमध्ये आठ टक्के. फाट्यावर आत वळले तेव्हा दोन. आतल्या रस्त्याला डांबर कमी आणि खड्डे जास्त. पडद्यावर पिवळं कासव उमटलं आणि गाडी खरोखरच कासवासारखी चालू लागली. पाय कितीही दाबा, वीसच्या वर जाईना. दोन किलोमीटर तशी ओढली. मग एका बाभळीपाशी ती थांबली, जराही आवाज न करता, आणि पडदा काळा झाला.

पाचला दहा कमी होते. बोरखेड अजून चार किलोमीटर.

काकासाहेब पिशवी घेऊन उतरले आणि चालायलाच लागले. पन्नास पावलांवर ते थांबले. मुख्तारभाई रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही बाजूंना बघत होते. मोटारसायकल नाही, बैलगाडी नाही, शेतात माणूस नाही. एरवी ह्या वेळी असा रस्ता ओस नसतो. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळं गाव चतुराबाईंच्याच दारात बसलं आहे.

“साहेब, गोकुळला फोन लावा. मोटारसायकल घेऊन या म्हणा.”

काकासाहेबांनी फोन हातात घेतला आणि तसेच उभे राहिले.

“काय म्हणू?”

“गाडी बंद पडली म्हणा.”

“तसं नाय.” त्यांनी फोन खाली केला. “सगळे बसलेत तिथं. मामा परत उशिरा. अन् वरून मला न्यायला या म्हणू? ज्येंच्या अंगणातून मी न जेवता निघून आलो, त्येंनाच?”

मुख्तारभाई त्यांच्याजवळ गेले. आयुष्यात प्रवाशाला ते कधी उलट शब्द बोलले नव्हते.

“काकासाहेब,” ते म्हणाले, “माझी अम्मा गेली तवा मला न्यायला या म्हणायलाबी कोण नव्हतं. तुमच्याकडं अजून हाय. दाबा बटण.”

काकासाहेबांनी बटण दाबलं. पलीकडून हॅलो आलं.

“गोकुळ,” ते म्हणाले, “मी बाभळीपशी हाय. गाडी बंद पडली. चूक माझीच हाय रे, तवाबी अन् आताबी. मला न्यायला ये.”

पलीकडे काही क्षण गलकाच ऐकू आला. मग फोन कट झाला. येतो की नाही, ते त्याने सांगितलं नव्हतं.

दोघे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पाच वाजले. पाच वाजून चार मिनिटं झाली. काकासाहेब गावाच्या दिशेला बघत होते आणि मुख्तारभाई मावळतीकडे. ऊन तुरीच्या शेंड्यांवर आलं होतं.

मोटारसायकलचा आवाज आधी आला, मग धूळ दिसली. चालवणारा उघडाबंब होता. डोक्याचा ताजा गोटा, अंगाला ओलं धोतर चिकटलेलं, डिसेंबरच्या वाऱ्यात ओठ काळे पडलेले. ज्याने अग्नी द्यायचा त्याने मयतापाशी बसायचं, जागा सोडायची नसते; तो मामाला घ्यायला आला होता. काकासाहेबांचा हात सवयीने उचलला गेला आणि सुतकात नमस्कार करत नाहीत हे आठवून मधेच राहिला. गोकुळने तो हात तसाच धरला आणि त्यांना मागे बसवलं.

“बसा मामा. उचलली नाय अजून. मी आल्याबिगर उचलता येत नाय म्हणून मीच आलो.”

काकासाहेब बसले आणि वळून म्हणाले, “मुख्तारभाई, चला.”

“मी इथंच थांबतो, साहेब. गाडी हाय.”

“गाडीला कोण नेतंय? ती चालती कुठं?” काकासाहेबांनी पिशवी छातीशी धरून पुढे सरकत जागा केली. “माहेरचं माणूस एकटं जात नसतंय. बसा.”

मुख्तारभाईंनी गाडीला कुलूप लावलं आणि मागे बसले.

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी वाट झाली.  भिंतीला टेकून चतुराबाईंचा म्हातारा नवरा बसला होता, त्याने मान वर करून काकासाहेबांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. चतुराबाईंची नणंद भागूबाई पुढे आली. तिने पिशवीतून लुगडं काढलं, दोन बोटांत काठ धरून पाहिला आणि मान डोलावली.

“माहेरचे किती जण आलेत?” तिने विचारलं.

काकासाहेबांनी मागे पाहिलं. मुख्तारभाई दारातच उभे होते, दाढीवरची धूळ पुसत.

“दोघं,” काकासाहेब म्हणाले.

भागूबाईने मुख्तारभाईंकडे एकदा नीट पाहिलं.

“पायताण तिथं काढा,” ती म्हणाली आणि लुगडं घेऊन आत वळली.

बायकांनी चारी बाजूंनी पदर धरून आडोसा केला. आतून रडणं आलं, मग बांगड्यांचा आवाज, मग काही नाही. आडोसा निघाला तेव्हा चतुराबाई हिरव्यागार होत्या. काकासाहेब जवळ बसले, तिच्या पायाशी, आणि पहिल्यांदाच मोकळं रडले. त्यांना कुणी गप्प केलं नाही, पण फार वेळही दिला नाही. ऊन भिंतीच्या वर गेलं होतं. तिरडी बांधून झाली.

गोकुळने मडकं उचललं आणि तो पुढे झाला. पुढचे दोन्ही खांदे माहेरचे, असं कुणीतरी म्हणालं. उजवीकडे काकासाहेब लागले. डावीकडची जागा सगळ्यांनी मोकळी ठेवली, तेव्हा मुख्तारभाईंनी बिस्मिल्ला म्हणून खांदा दिला.

काकासाहेब ठेंगणे होते आणि मुख्तारभाई चांगले सहा फुटी. उचलल्याबरोबर तिरडी एका बाजूला कलली. मागून कुणी सावध केलं, कुणी हात लावला. मुख्तारभाईंनी काही न बोलता गुडघे वाकवले. तिरडी सरळ झाली. ओढ्यापर्यंतची वाट अर्ध्या मैलाची होती, चढ-उताराची, आणि ती सबंध वाट ते तसेच वाकलेल्या गुडघ्यांनी चालत गेले.